पाऊण किलोचा स्कोप आणि मोहरीची पिशवी

"मॅडम, किसकी जमीन जा रही है?"

इंदूरजवळचं हातोद सोडून यशवंतसागर तलावाच्या रस्त्याला लागलं की हा प्रश्न हमखास येतो. आतापर्यंत चारदा आलाय. तिपाई, तिच्यावर नळी आणि नळीला डोळा लावून शेताकडे टक लावून बघणारी बाई म्हणजे मोजणीवालीच असणार, याबद्दल कुणाला शंका नसते. इंदूरभोवती सध्या एवढे रस्ते आखले जातायत की तिपाईवर नुसता तांब्या ठेवला तरी लोक जमिनीचा खसरा नंबर विचारतील. पहिल्यांदा मी गडबडून "नहीं काका, पक्षी देख रही हूँ" म्हणाले. काकांनी आधी स्कोपकडे पाहिलं, मग झाडाला टेकवलेल्या माझ्या सायकलकडे. "सायकल पे आई हो," ते म्हणाले, "मतलब सरकारी तो नहीं हो." आणि निश्चिंत मनानं म्हशी पुढे हाकल्या.

स्कोप म्हणजे स्पॉटिंग स्कोप. एका डोळ्यानं बघायची, नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा जास्त ताकदीची नळी. माझ्या स्कोपची पुढची काच ५० मिलिमीटरची आहे, वजन पाऊण किलोच्या आत, लांबी पाण्याच्या बाटलीएवढी. गेली तीन वर्षं तो माझ्याबरोबर चालायला येतो आणि सायकलवरही बसतो. त्याच्या आधीचं वर्ष एका चुकीत गेलं. तिथूनच सांगते.

आमचं घर सुदामानगरात. फूटी कोठीवरून चंदननगर, मग धार रोड. सिरपूर तलाव सायकलनं वीस-पंचवीस मिनिटांत येतो. होळकरांच्या काळातला हा तलाव. अतिक्रमणं आणि कचऱ्यापायी कधीच बुजला असता. आज तिथे पाणी आणि पाखरं दोन्ही आहेत त्यामागे भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांची कित्येक वर्षांची राखण आहे. मोंढ्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, पुढे २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या, म्हणजे रामसरच्या यादीत गेले. मी मात्र त्याच्या किती तरी आधीपासून रविवारी सकाळी तिथे पाळेवर उभी असायची, गळ्यात ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर काचेची) दुर्बीण अडकवून.

त्या दुर्बिणीनं झाडावरचं सगळं दिसतं. काठाजवळची वारकरी, टिबुकल्या, जांभळ्या पाणकोंबड्या अशी पाखरंही छान दिसतात. पण हिवाळ्यात जे बघायला आपण थंडीत कुडकुडत जातो ते पाण्याच्या मधोमध असतं, नाहीतर पलीकडच्या चिखलावर. तिथेच माझं दर वर्षी अडायचं. टिलवे नावाचे दोन पक्षी आहेत, छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा. दोघेही चिमणीएवढे, दोघेही मातकट, दोघेही चिखलात शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत पळत राहणारे. ओळखायची सोपी खूण एकच: छोट्याचे पाय काळे, टेमिंकचे पिवळसर. आता हे पाय काडेपेटीतल्या काडीएवढे, दीडशे मीटरवर, आणि चिखलात बुडालेले. माझ्या वहीत वर्षानुवर्षं एकच नोंद आहे: "टिलवा, बहुधा छोटा." वही चाळली तर माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा दिसलेला पक्षी ‘बहुधा’ हाच निघेल.

म्हणून मी स्कोप घ्यायचं ठरवलं, आणि घ्यायचा तर चांगलाच म्हणून ८० मिलिमीटरचा, जुना, एकाकडून उचलला. वस्तू उत्तम होती, त्यात खोट नाही. पण तिला पेलणारा ट्रायपॉडही तसाच दणकट लागतो. दोन्ही मिळून चार किलोंच्या वर. पहिल्या रविवारी मी ते धूड पाठीवर टाकून सिरपूरला गेले आणि दिवसभर मान धरून बसले. दुसऱ्या रविवारी नवऱ्याला गाडी काढायला लावली. तिसऱ्या वेळी पाऊस होता. त्यानंतर तो स्कोप माळ्यावर आकाशकंदिलाच्या शेजारी गेला आणि मी पुन्हा दुर्बीण घेऊन जायला लागले. वर्षभरानं विकला तेव्हा घेणाऱ्यानं विचारलं, "ताई, किती वापरलाय?" खरं सांगायला लाज वाटली.

लहान स्कोप घेताना मग मी आकड्यांकडे नीट पाहिलं. डब्यावर ठळक लिहिलेलं असतं ‘१२ ते ३६ पट’, आणि आपला जीव त्या ३६ वर जातो. पण पुढच्या काचेचा व्यास भागिले पट, एवढा प्रकाशाचा ठिपका आपल्या डोळ्याशी येतो. ५० ला १२ ने भागलं तर चार मिलिमीटरच्या थोडं वर. ३६ ने भागलं तर दीडसुद्धा नाही. म्हणजे ३६ वर चित्र मोठं होतं, पण दिवा बारीक केल्यासारखं मंदावतं, डोळा जरा इकडेतिकडे झाला की काळं. माझा नव्वद टक्के वापर १२ ते २० च्या मधे होतो. ३६ कडे मी महिन्यातून एखादी वेळ जाते, तेही स्वच्छ उजेडात, खात्री करायला. चष्मा असणाऱ्यांनी आणखी एक बघावं. डोळा काचेपासून थोडा लांब ठेवूनही पूर्ण गोल दिसला पाहिजे. माझ्या चष्म्यासकट मी दुकानातच दहा मिनिटं बघत उभी राहिले. दुकानदार कंटाळला, पण ती दहा मिनिटं वाचवली असती तर पुढे रोज पस्तावले असते.

बाकी नळी सरळ घ्यावी की वाकडी, यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी वाकडी घेतली, म्हणजे डोळा वरून खाली लावायचा. मान दुखत नाही, तिपाई बुटकी चालते, उंच-बुटक्या सगळ्यांना एकाच उंचीवर बघता येतं. तोटा एकच, आणि तो पहिल्या आठवड्यात रडवतो: नळी कुठे रोखलीय तेच कळत नाही. समोर ढळढळीत बगळा उभा आणि आपल्याला गोलात नुसतं पाणी. यावर मी वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी नळीभोवती आवळली आणि तिचं टोक एक इंचभर वर उभं ठेवलं. बंदुकीच्या माशीसारखं. त्या टोकावरून नजर नेली की नळी बरोबर बगळ्यावर. चार रुपयांचा उपाय.

आता बरोबर नेण्याचं. पायी जाताना तो आडव्या पट्ट्यानं खांद्यावरून कमरेशी लटकतो, वर जुना पंचा गुंडाळलेला. पंचा का, तर धूळ अडते, ऊन अडतं आणि लोकांना तो कॅमेरा वाटत नाही. हातात धरून बघण्याचा विचार सोडा. बारा पटीवरसुद्धा आपल्या छातीचे ठोके चित्रात दिसतात. काही तरी टेकण लागतंच. मोठा ट्रायपॉड आणायचा नाही हे ठरलेलं, तेव्हा मी आधी एकपायी काठी वापरून पाहिली. झाडाच्या खोडाला खेटून उभं राहिलं तर बरी चालते, मोकळ्यावर डुलते. मग एक हलका, गुडघ्याएवढा ट्रायपॉड घेतला, जो मातीत बसून वापरायचा. आणि तिसरी, सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू सासूबाईंनी शिवली.

झालं असं की मी घरात बडबडत होते, नळी ठेवायला वाळूची पिशवी हवी, पण वाळू जड होते. त्यांनी काही न बोलता जुन्या खणाच्या पोलक्याची वीतभर पिशवी शिवली आणि तांदूळ भरून दिली. पिशवी पुलाच्या कठड्यावर ठेवायची, मधे दाबून खळगा करायचा, त्यात नळी बसवायची. ट्रायपॉडपेक्षा स्थिर. दोन महिने फार सुखात गेले. मग एका सकाळी नळीवरून एक सोंडा चालत गेला, मग दुसरा. पावसाळी हवेत तांदळानं आपलं काम केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मग मोहरी भरू या, तिला काही लागत नाही." मोहरी तांदळापेक्षाही छान निघाली, दाणा बारीक आणि गोल, त्यामुळे नळीच्या आकाराला पटकन वळते आणि दाबली की हलत नाही. पिशवीचं वजन साधारण चारशे ग्रॅम. पुढे एकदा कोपऱ्याची शिवण उसवली आणि सिरपूरच्या पाळेवर मी बारीक मोहरीची रेघ ओढत गेले, मागे पारवे. घरात फोडणीची मोहरी संपली की सासूबाई अजून त्या पिशवीकडे बघतात.

एक डोळा मिटून बघायची सवय लागली तर लवकर सोडावी. पाच मिनिटांत मिटलेल्या डोळ्याच्या कडा दुखायला लागतात आणि उघड्या डोळ्यातलं चित्रही धुरकट होतं. दोन्ही उघडे ठेवायचे आणि रिकाम्या डोळ्यावर काही तरी धरायचं. मी ओढणीचं टोक धरते. गाठ पडलेल्या एकानं यावरून "मॅडम, आँख आई है क्या?" असं विचारून घेतलं.

सायकलचं प्रकरण वेगळं आहे. पहिली गोष्ट, मागच्या कॅरियरवर कधीही बांधू नये. तिथे सगळे खड्डे थेट पोचतात आणि आत काचा असतात. मी काही दिवस हँडलच्या पुढच्या पिशवीत, खाली स्पंजचा तुकडा घालून नेला. ठीक होतं, पण पिशवी जड झाली की हँडल वळणावर ओढतं. शेवटी तो माझ्याच पाठीवर आला. आपले गुडघे आणि कोपर जो धक्का खातात तो कुठलाही स्पंज खात नाही. पाठीला घाम येतो, त्याला इलाज नाही. आणि एक बारीक समाधान: दुर्बीण आपटली की तिच्या दोन नळ्यांची नजर एकमेकींशी जुळेनाशी होते, डोकं चढतं आणि ती दुरुस्तीला जाते. स्कोपला नळीच एक. त्याला भांडायला जोडीदार नाही.

आपटला मात्र. सप्टेंबर होता, रात्री पाऊस होऊन गेलेला. यशवंतसागरच्या अलीकडे सोयाबीनच्या शेताकडेला मी सायकल स्टँडवर लावली, सीटवर मोहरीची पिशवी, तिच्यावर स्कोप, आणि वाकून टिटव्या बघत होते. माळव्याची काळी माती, ‘डग डग रोटी, पग पग नीर’ म्हणून जिचं कौतुक करतात तीच. तिच्यात सायकलचा स्टँड लोण्यात सुरी जावी तसा जातो, आवाज न करता. मला वाटलं टिटवी सरकतेय. टिटवी जागेवरच होती, सायकल सरकत होती. दुसऱ्या क्षणी सायकल शेतात, स्कोप चिखलात, आणि मी पेडलवर. डोळ्याकडची रबरी वाटी चिरली, फोकसची चकती कुरकुर करायला लागली.

तिथल्या तिथे ओढणीनं काच पुसावीशी वाटली होती. नशिबानं पुसली नाही. चिखलात वाळूचे कण असतात आणि पुसणं म्हणजे ते काचेवर घासणं. पंच्यात गुंडाळून घरी आणला, नळाच्या बारीक धारेखाली धरला (माझ्या स्कोपात पाणी जात नाही, आत नायट्रोजन भरून बंद केलेला असतो; तुमचा तसा नसेल तर हे करू नका), मग फुंकर मारायचा रबरी फुगा, मग मऊ ब्रश आणि सगळ्यात शेवटी कापड. चकतीची कुरकुर दोनदा धुतल्यावर गेली. वाटीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, तो आजतागायत आहे आणि मूळच्यापेक्षा मऊ आहे. तेव्हापासून पिशवीत लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण असतं. स्टँडखाली ठेवलं की सायकल मातीत जात नाही. आणि स्कोपचा पट्टा कायम मनगटात. झाकण विसरलं तर चालेल, पट्टा नाही.

पावसाळ्याचं आणखी एक भय म्हणजे काचेला लागणारी बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. चामड्याच्या किंवा जाड कापडाच्या बंद पिशवीत ठेवला तर हमखास. मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. त्या औषधाच्या आणि बुटांच्या खोक्यांतून जमवल्या आहेत. महिन्यातून एकदा डबा उघडून स्कोपला सकाळचं कोवळं ऊन.

सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हवेची. पहिल्या फेब्रुवारीत मी दुकानदारावर मनातल्या मनात चिडले होते, की काच बोगस दिली. सकाळी साडेसातला पट्टकादंब हंसांच्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या कोरल्यासारख्या दिसल्या होत्या, आणि दहाला त्याच जागेवरून तेच हंस पाण्यात विरघळत असल्यासारखे. स्कोप तोच, मी तीच. मधे आली होती तापलेली हवा. तव्यावरून पलीकडचं बघितलं तर जसं हलतं तसं. नांगरलेल्या काळ्या शेतावरून तर ती जास्तच उकळते. नळी जेवढी जास्त पट दाखवते तेवढी ही थरथरही जास्त पट दाखवते. ८० मिलिमीटरवाले पण तेव्हा तेच बघत असतात, फक्त जास्त वजन उचलून. मार्चपासून मी साडेआठला गुंडाळते आणि पोहे खायला जाते. काही जण भर दुपारी ३६ पटीवर नळी लावून ‘क्लिअर नाही यार’ म्हणताना दिसतात. त्यांना सांगावंसं वाटतं, पण न विचारता सांगणाऱ्या बायकांचं काय होतं ते ठाऊक आहे.

टिलव्यांचं सांगते. डिसेंबरातली सकाळ, सूर्य पाठीशी, पाळेच्या दगडावर मोहरी, मोहरीवर नळी, १८-२० पट. सात टिलवे. मी एकच धरला आणि त्याच्यामागून नळी सरकवत राहिले. तो चिखलात, मी गोलात. पंधराएक मिनिटांनी तो एका फुटक्या फरशीच्या तुकड्यावर चढला, उभा राहिला आणि अंग झटकलं. पाय काळे. अगदी शाईत बुडवल्यासारखे. शेजारचा दुसरा आला, त्याचे पिवळट. दोन्ही एकाच फरशीवर! वहीत ‘बहुधा’ न लिहिता दोन ओळी लिहिल्या आणि खाली रेघ मारली. दुर्बीण घेऊन जायची तेव्हा मी एका जागी पंधरा मिनिटं कधी उभी राहिलेच नव्हते. बघितलं, पुढे गेले. ही नळी लावायला, रोखायला, बसवायला तीन-चार मिनिटं जातात. एवढं केल्यावर लगेच उठवत नाही.

त्याच उभं राहण्यामुळे सारस मिळाले. म्हणजे सारस काही लपलेला पक्षी नाही. माणसाएवढी उंची, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच, यशवंतसागरच्या बाजूला शेतात जोडी उभी असली तर बसमधूनही दिसते. गंभीर नदीवरच्या या तलावाभोवतीचा भाग सारसांचा मोठा आसरा आहे. पण घरटं बघायचं असेल तर जवळ जाणं म्हणजे त्यांना उठवणं, आणि उठले की अंडी कावळ्यांच्या डोळ्यांसमोर. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात दलदलीत एक घरटं दिसलं, रस्त्यापासून चांगलं लांब. कुठे ते सांगत नाही. मी रस्त्याच्या मोरीवर बसले, कठड्यावर मोहरी.

तासभर काहीच झालं नाही. एक पक्षी वाळक्या गवताच्या ढिगावर बसलेला, मान पाठीवर, नुसता लाल डोक्याचा ठिपका. मग दुसरा शेतातून सावकाश चालत आला. बसलेला उठला. उठताना एकेक पाय इतका जपून उचलत होता की मोलकरणीनं नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून जावं. खाली दोन अंडी, फिकट. उठलेल्यानं चोच खाली नेऊन एक अंडं किंचित फिरवलं, मग दुसरं. आलेला तोपर्यंत बाजूला उभा. मग त्यानंही एकदा चोचीनं तपासलं, आधीच्यानं फिरवलेलं पुन्हा जरासं फिरवलं, आणि बसला. आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या दोघांनी मोजायची पद्धत आहे, तसंच. साधारण महिनाभर दोघं असे पाळीपाळीनं बसतात. मी त्या महिन्यात चार रविवार गेले, जाऊन-येऊन पन्नास-एक किलोमीटर सायकल, आणि दर वेळी त्याच मोरीवरून, त्यापुढे एक पाऊल नाही. चौथ्या रविवारी घरटं रिकामं होतं आणि जोडी दूर गवतात मान खाली घालून फिरत होती. पिल्लू असेल तर गवतात होतं. वीस पटीवर गवतच दिसलं.

फोटोंबद्दल लोक विचारतात. मोबाइल नळीला लावून काढता येतो, त्याची क्लिपही मिळते. माझे फोटो विहिरीतून काढल्यासारखे येतात. ओळख पटवायला पुरतात, कुणाला पाठवायला नाही. त्यात वेळ घालवणं मी सोडून दिलं.

नळी कुठे रोखू नये याचंही भान लागतं. वस्ती, घाट, कुणाची अंगणं, नाही. महूच्या बाजूला पाताळपाणीला जाताना स्कोप डब्यातून बाहेर येत नाही. छावणीचा भाग आहे, तिथे समजावत बसायची हौस नाही. आणि गच्चीवर तो नेला त्याच संध्याकाळी समोरच्या वहिनींनी पडदे ओढले होते. त्यांना वर बोलावून गुरू दाखवला. गुरूजवळचे चार ठिपके, एका रेषेत, ३६ पटीवर अगदी स्वच्छ. गॅलिलिओनं १६१० साली हेच चार चंद्र पाहिले तेव्हा त्याची नळी वीसेक पटीची होती, हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुमची त्याच्यापेक्षा भारी." पडदे उघडले. शनीची कडी बघायला मात्र त्यांना पुढच्या वेळी बोलवायचं नाही असं ठरवलंय, कारण माझ्या नळीतून शनी लांबट चिंचोक्यासारखा दिसतो.

२०२५ च्या जानेवारीत इंदूर आणि उदयपूर ही देशातली पहिली ‘वेटलँड सिटी’, म्हणजे पाणथळी जपणारी शहरं ठरली, तशी सिरपूरला गर्दी वाढली. चांगलंच आहे. पण पाळेवर बसायची माझी जागा गेली, म्हणून मी हल्ली यशवंतसागरकडे जास्त जाते. परवाच्या हिवाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "मलाही ने एकदा." मी जरा चमकलेच. त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं गेलेला, उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. दुर्बीण दिली की त्या नेहमी परत करायच्या: "दोन नळ्यांत माझी एक फुकट जाते." स्कोप माझ्या घरात तीन वर्षं होता आणि त्याला एकच डोळा लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी नवऱ्यानं गाडी काढली. आईंना काठावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, बुटका ट्रायपॉड त्यांच्या गुडघ्यांसमोर, वाकडी नळी बरोबर त्यांच्या उंचीला. मी पलीकडच्या काठावरची सारसांची जोडी गोलात आणून दिली. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पाय काय लालबुंद आहेत गं. वाल्मीकींचा क्रौंच तो हाच का?" असं म्हणतात, मी म्हटलं. "बरं," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं नळी हळूच डावीकडे वळवली. फोकसची चकती त्यांना कुणी दाखवली नव्हती; तीही बोटानं शोधून फिरवली. आणि मग हलेचनात.

मी वाट बघत उभी. पाच मिनिटं, सात मिनिटं. दुर्बिणीतून बघितलं तर त्या बाजूला पक्षी कुठलाच नव्हता. एक होडी होती, होडीत जाळं आवरून बसलेला एक माणूस, एवढंच.

"आई, सारस उडाले तर मला सांगा हं."

"थांब जरा. त्यानं डबा उघडलाय."

"काय आहे?"

"पिवळं दिसतंय."

"बहुधा पोहे."

"बहुधा कशाला? वर शेव दिसतेय की."